ब्रिटनमधील वायुसेना-छात्रपथके आणि ऐच्छिक प्रवेशाचा प्रश्न (१९३८-१९४७)

युद्धकालीन संस्थांचा इतिहास बहुधा संख्येच्या आधारे लिहिला जातो. किती पथके निघाली, किती तरुण त्यांत आले आणि त्यांपैकी किती प्रत्यक्ष सैन्यात गेले, या आकड्यांवरून संस्थेचे यश ठरविण्याचा प्रघात आहे. परंतु राज्य ज्या क्रियेला भरती म्हणते, तिलाच सोळा वर्षांचा मुलगा नाव घालणे म्हणतो, आणि या दोन शब्दांचा अर्थ एक नाही. भरती करणाऱ्याला मनुष्यबळ हवे असते. नाव घालणाऱ्याला स्वतःची काही इच्छा पुरी करावयाची असते. दोघांच्या अपेक्षा जोवर जुळतात, तोवर संस्था ऐच्छिक आहे असे म्हणण्यास हरकत नसते. त्या जुळेनाशा झाल्या, म्हणजे मात्र 'ऐच्छिक' या शब्दाची खरी कसोटी लागते. ब्रिटनमध्ये १९३८ साली निघालेली एअर डिफेन्स कॅडेट कोअर आणि १९४१ साली तिच्या जागी आलेली एअर ट्रेनिंग कोअर या दोन संस्थांच्या इतिहासात ही कसोटी विशेष स्पष्टपणे दिसून येते. म्हणूनच त्यांच्यात प्रवेश कोणाला मिळत असे, कोणत्या आशेने मिळत असे आणि त्या आशेचे पुढे काय झाले, हे तपासून पाहणे उचित ठरेल.

१. पूर्वपीठिका : उड्डाण आणि वर्गभेद

पहिल्या महायुद्धापूर्वी, १९०८ साली, युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या सैन्यसुधारणांतून ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर अस्तित्वात आली. तिच्या शाखा विद्यापीठांत आणि पब्लिक स्कूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वस्तुतः श्रीमंतांच्या, शाळांत होत्या. नावाप्रमाणेच तिचा हेतू अधिकारी घडविण्याचा होता. साध्या प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेल्या मुलासाठी तिचे दार उघडे नव्हते. १९१८ साली स्वतंत्र वायुसेना निर्माण झाली, तेव्हा तिनेही आरंभी हाच मार्ग धरला. १९२५ साली केंब्रिज व ऑक्सफर्ड येथे विद्यापीठीय हवाई पथके स्थापन झाली आणि विद्यार्थ्यांना शिक्षण चालू असतानाच विमान चालविण्यास शिकण्याची सोय झाली. ही सोय अर्थातच अत्यंत मर्यादित वर्गापुरती होती.

दुसरा मार्ग कारागिरीचा होता. वायुसेनाप्रमुख ट्रेंचर्ड यांनी १९२० साली सुरू केलेल्या आणि पुढे हॉल्टन येथे स्थिरावलेल्या उमेदवारी योजनेत पंधरा-सोळा वर्षांची मुले परीक्षा देऊन दाखल होत, तीन वर्षे यंत्रविद्या शिकत आणि वायुसेनेत यंत्रज्ञ म्हणून काम करीत. त्यांतील मोजक्या गुणवंतांना पुढे क्रॅनवेल येथील अधिकारी महाविद्यालयात प्रवेश मिळे. या मार्गाने सामान्य घरातील मुलगा विमानापर्यंत पोहोचे हे खरे, परंतु त्याचे स्थान सामान्यतः विमानाच्या खाली, हातात पाना घेऊन, असे. १९३६ साली वायुसेनेचे स्वयंसेवक राखीव दल स्थापन झाले आणि माध्यमिक शिक्षण झालेल्या, नोकरीधंद्यात असलेल्या तरुणांना सवडीच्या वेळी विमानचालन शिकता येऊ लागले. ही पहिली खरी वर्गनिरपेक्ष पायरी होय. तथापि ती अठरा वर्षांवरील तरुणांसाठी होती. चौदाव्या वर्षी शाळा संपणे आणि अठराव्या वर्षी सैन्ययोग्य होणे यांमधील चार वर्षे मोकळीच राहिली होती.

हे अंतर क्षुल्लक नव्हते. १९१८ च्या शिक्षण कायद्यानुसार सक्तीचे शिक्षण चौदाव्या वर्षी संपे. ही मर्यादा १ सप्टेंबर १९३९ पासून पंधरावर नेण्याचे ठरले होते, पण त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि ती सुधारणा लांबणीवर पडली. ती प्रत्यक्षात आली १९४७ साली. म्हणजे संपूर्ण युद्धकाळात बहुसंख्य ब्रिटिश मुले चौदाव्या वर्षी कारखान्यात, दुकानात अथवा शेतावर जात होती, आणि शाळेत शिकलेले अंकगणित दोन-चार वर्षांत विसरत होती. आधुनिक विमानाला मात्र असा तरुण पुरेसा नव्हता. त्याला त्रिकोणमिती येणारा तरुण हवा होता.

२. स्थानिक उद्योग : १९३८ ते १९४०

हे अंतर भरून काढण्याचा उपक्रम सरकारकडून आला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या आणि विमानविद्येच्या प्रसारासाठी झटणाऱ्या एअर लीग या खाजगी संस्थेचे सरचिटणीस, वायुसेनेचे निवृत्त अधिकारी एअर कमोडोर जॉन एड्रियन चेमियर, यांनी १९३८ साली एअर डिफेन्स कॅडेट कोअरची योजना मांडली. चौदा ते अठरा वयाच्या मुलांची सुमारे दोनशे पथके शहरोशहरी काढावयाची, आणि त्यांची व्यवस्था व खर्च स्थानिक नागरिकांनी चालवावयाचा, असा तिचा आराखडा होता. पहिल्या पथकाचा मान लेस्टर शहराला मिळाला. आरंभीच्या पन्नास पथकांच्या क्रमांकापुढे संस्थापकत्वाचे निदर्शक म्हणून रोमन लिपीतील एक अक्षर जोडले गेले व ते पुढेही कायम राहिले. गावोगावच्या समित्या निधी गोळा करीत, मुले स्वतः वर्गणी देत, शिक्षक आणि पहिल्या युद्धातील निवृत्त सैनिक संध्याकाळी शाळेच्या वर्गांत शिकवीत.

संस्थेचे ब्रीदवाक्य 'व्हेंचर ॲडव्हेंचर' असे होते. साहसास धजावे, हा त्याचा आशय. सप्टेंबर १९३८ मधील म्युनिक प्रकरणानंतर आकाशातून होणाऱ्या बाँबवर्षावाची भीती सर्वांच्या मनात घर करून होती. त्याच वेळी विमान ही मुलांच्या कल्पनासृष्टीतील सर्वांत मोहक वस्तू होती. भीती आणि मोह या दोन्ही भावना एकाच संस्थेत एकत्र आल्या, हे तिच्या झपाट्याने झालेल्या वाढीचे प्रमुख कारण मानता येईल.

युद्ध सुरू झाल्यावर अनेक पथकांचे शिक्षक व अधिकारी सैन्यात बोलावले गेले. मुले मात्र जवळच्या विमानतळांवर कामाला जाऊ लागली. निरोप पोहोचविणे, कचेरीतील कारकुनी, सामानाची ने-आण, वाळूच्या पोत्यांची भरणी, बंदुकीच्या गोळ्यांच्या पट्ट्या भरणे अशी कामे त्यांनी केली. या कामांत उड्डाण कोठेच नव्हते. मुलांनी विमानाच्या आशेने नाव घातले आणि त्यांच्या वाट्याला वाळूची पोती आली. तरीही ही मुले टिकून राहिली, याचे कारण विमानतळावर असणे हेच त्यांना विमानाच्या जवळ असणे वाटे. पुढे उद्भवलेल्या प्रश्नाचे बीज या साध्या वस्तुस्थितीत आहे.

३. राज्याचा स्वीकार : १९४१

१९४० च्या उन्हाळ्यातील हवाई लढाईनंतर उड्डाणकर्मींची, म्हणजे वैमानिक, मार्गदर्शक, बिनतारी यंत्रचालक, गनर इत्यादींची, गरज किती मोठी आहे हे सरकारला कळून चुकले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी डिसेंबर १९३९ मध्ये झालेल्या करारानुसार साम्राज्यभर प्रशिक्षणकेंद्रे उभी राहत होती. त्या केंद्रांना अखंड पुरवठा व्हावा, म्हणून पूर्वतयारी झालेले तरुण हवे होते. वायुमंत्रालयाने चेमियर यांच्या संस्थेचा भार आपल्याकडे घेतला आणि ५ फेब्रुवारी १९४१ रोजी राजसनदेद्वारे एअर ट्रेनिंग कोअर स्थापन झाली. सहावे जॉर्ज हे तिचे मानद प्रमुख झाले. पहिल्या महिनाभरातच पथकांची संख्या चारशेच्या वर गेली. वयोमर्यादा आता सोळा ते अठरा अशी ठरविण्यात आली. हा बदल लहान दिसला तरी अर्थपूर्ण आहे. चौदा वर्षांच्या मुलाला साहस देऊ करणारी संस्था आता सोळा वर्षांच्या मुलाला सेनेसाठी तयार करू लागली होती.

अभ्यासक्रमाकडे पाहिले म्हणजे या संस्थेचे खरे स्वरूप कळते. कवायत आणि शारीरिक शिक्षण यांच्या जोडीला गणित, दिशाज्ञान, मोर्स लिपीतील संदेशन, विमानांची ओळख, आरोग्यशास्त्र, विषारी वायूपासून संरक्षण हे विषय होते. दिशाज्ञानातील मूळ प्रश्न हा वेगत्रिकोणाचा असतो. विमान ज्या दिशेला तोंड करून चालते तो एक वेग, वारा ते ज्या दिशेला वाहून नेतो तो दुसरा वेग, आणि जमिनीवरून पाहता ते प्रत्यक्ष ज्या मार्गाने जाते तो या दोहोंचा परिणाम. कागदावर हा त्रिकोण अचूक काढता आला नाही, तर रात्रीच्या अंधारात विमान आपल्या लक्ष्यापासून कित्येक मैल दूर भरकटते. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या कामगार मुलाला दिवसभर यंत्रापाशी उभे राहिल्यावर संध्याकाळी, दिवेबंदीच्या काळात, झाकलेल्या खिडक्यांच्या वर्गात बसून हा त्रिकोण शिकावा लागे. त्याला हे गणित शिकविणारी दुसरी कोणतीही सर्वत्र पसरलेली संस्था त्या वेळी नव्हती. ब्रिटिश लोकशिक्षणाच्या इतिहासात एअर ट्रेनिंग कोअरचे नाव क्वचितच येते, हा त्या इतिहासाचा उणेपणा होय.

उड्डाणाचा प्रत्यक्ष अनुभव मात्र तुटपुंजा होता. विमानतळावरील शिबिरात एखादी फेरी मिळे, तीही विमान मोकळे असेल तर. १९४२ नंतर ग्लायडरची, म्हणजे इंजिनविरहित विमानाची, शिक्षणकेंद्रे निघू लागली. कर्बी कॅडेट हे त्यांतील प्रसिद्ध ग्लायडर एकाच आसनाचे होते. त्यामुळे शिक्षक जमिनीवर आणि विद्यार्थी एकटा विमानात, अशीच शिकण्याची पद्धत होती. प्रथम चक्राला गुंडाळल्या जाणाऱ्या तारेने ग्लायडर नुसते जमिनीवरून घसरत न्यावयाचे, मग काही फूट उचलावयाचे, आणि शेवटी तीस सेकंद हवेत राहून उतरावयाचे, असा क्रम असे. तीस सेकंदांचे ते उड्डाण पहिल्या प्रमाणपत्रास पुरेसे होते. ज्या संस्थेच्या नावाने लक्षावधी तरुणांना आकाश दाखविले गेले, तिच्यात आकाशाचे माप अनेकांच्या बाबतीत एवढेच होते.

४. 'ऐच्छिक' या शब्दाच्या मर्यादा

या संस्थेतील प्रवेश ऐच्छिक होता, याचा ब्रिटिश सरकारला अभिमान होता आणि समकालीन जगाकडे पाहता तो अगदी निराधार नव्हता. जर्मनीत १९३६ च्या कायद्याने सर्व तरुणांचे संघटन हिटलर युवक संघात करण्याचे ठरले, आणि मार्च १९३९ च्या आदेशाने ती सेवा सक्तीची झाली. ग्लायडर शिकविणारी तिची हवाई शाखा या सक्तीच्या चौकटीतच काम करीत होती. सोव्हिएत संघात १९२७ साली ओसोआव्हियाखिम ही प्रचंड संघटना निघाली व जानेवारी १९३१ मध्ये साम्यवादी युवक संघाने वायुसेनेचे पालकत्व पत्करले. तेथे कायद्याची सक्ती नसली तरी पक्षाच्या आवाहनाचे वजन मोठे होते. अमेरिकेत ऑक्टोबर १९४२ मध्ये सिव्हिल एअर पेट्रोलने छात्रशाखा काढली. तिच्यात प्रत्येक प्रौढ सभासदाने एका तरुणाची शिफारस करावयाची, पुरुषाने मुलाची व स्त्रीने मुलीची, अशी प्रवेशाची रीत होती. म्हणजे तेथे मुलींना आरंभापासून स्थान होते.

ब्रिटनमध्ये ते नव्हते. मुलींसाठी विमेन्स ज्युनिअर एअर कोअर ही वेगळी संस्था होती, परंतु तिला सरकारी संस्थेची प्रतिष्ठा लाभली नाही. एअर ट्रेनिंग कोअरची दारे मुलींना उघडली ती १९८० च्या दशकात. इच्छा असणे हे प्रवेशास पुरेसे नव्हते, याचे हे एक उदाहरण.

उलट, इच्छा नसणे हे बाहेर राहण्यास पुरेसे होते काय? डिसेंबर १९४१ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींची नोंदणी सक्तीची करण्यात आली. नोंदणी झाल्यावर, जे कोणत्याही युवकसंघटनेत नसतील त्यांना मुलाखतीस बोलावून एखाद्या संघटनेत जाण्याचा सल्ला दिला जाई. सामील न झाल्यास शिक्षा नव्हती. परंतु सोळा वर्षांच्या मुलासमोर शासनाचा प्रतिनिधी बसतो आणि त्याने सवडीचा वेळ कसा घालवावा हे विचारतो, तेव्हा त्या सल्ल्यात किती सल्ला आणि किती आज्ञा आहे हे ठरविणे कठीण असते. शिवाय अठराव्या वर्षी सक्तीची सैन्यसेवा अटळ होती. वायुसेनेचे उड्डाणकर्मी तेवढे सर्वस्वी स्वयंसेवक असत, त्यांत सक्तीने कोणालाही घेतले जात नसे. त्यामुळे पायदळात जाणे टाळावयाचे असेल, तर वेळीच छात्रपथकात नाव घालून उड्डाणासाठी स्वेच्छेने पुढे येणे हा एक शहाणपणाचा मार्ग ठरला. अशा रीतीने सक्तीच्या सावलीत ऐच्छिक संस्था वाढली. तिच्यातील प्रवेश ही निवड होती. परंतु ती मोकळ्या मैदानातील निवड नव्हती, तर दोन वाटांपैकी एकीची निवड होती.

त्या वाटेवरील धोक्याची कल्पना मुलांना नव्हती असेही म्हणता येत नाही. केवळ बाँबर कमांडच्या सुमारे १,२५,००० उड्डाणकर्मींपैकी ५५,५७३ जण युद्धात मृत्युमुखी पडले. गावातील पथकातून गेलेल्या मुलांच्या मृत्यूच्या वार्ता त्याच पथकात येत, आणि त्याच संध्याकाळी धाकट्या मुलांचा मोर्स लिपीचा तास होई.

५. न पाळलेले वचन : १९४३-४४

या मुलांच्या निष्ठेची परीक्षा शत्रूने घेतली, तशी ती स्वकीय शासनानेही घेतली. १९४३ च्या अखेरीस कोळशाच्या खाणींत कामगारांची तीव्र टंचाई निर्माण झाली. श्रममंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी सैन्यसेवेस पात्र झालेल्या तरुणांपैकी काहींना सोडतीने खाणीत पाठविण्याची योजना जाहीर केली, आणि डिसेंबर १९४३ मध्ये पहिली सोडत झाली. शून्य ते नऊ यांतील एक अंक काढला जाई, आणि ज्याच्या नोंदणीक्रमांकाचा शेवटचा अंक तो असेल त्याला खाणीत जावे लागे. नकार देणाऱ्यास तुरुंग होता. युद्धसमाप्तीपर्यंत व त्यानंतरही चालू राहिलेल्या या योजनेत, सोडतीने व अन्य मार्गांनी, सुमारे ४८,००० तरुण खाणीत गेले.

उड्डाणासाठी निवड होऊन चुकलेल्यांना या सोडतीतून वगळण्यात आले होते. परंतु छात्रपथकात दोन वर्षे काढूनही ज्यांची अद्याप निवड व्हावयाची होती, त्यांना ती सवलत नव्हती. अंक सरसकट लागू होत असल्याने वेगत्रिकोण शिकलेला मुलगा आणि काहीच न शिकलेला मुलगा यांत तो फरक करीत नसे. आकाशाकडे जाण्यासाठी संध्याकाळ झिजविलेल्या काही मुलांना अशा प्रकारे भूगर्भात उतरावे लागले. त्यांना गणवेश नव्हता. रस्त्यात त्यांना सैन्यसेवा चुकविणारे समजून लोक हटकीत. शासनाने त्यांच्या सेवेची दखल घेऊन सन्मानचिन्ह दिले ते २००८ साली, म्हणजे बहुतेकांच्या हयातीनंतर.

निवड झालेल्यांचेही सर्वस्वी भले झाले नाही. प्रशिक्षणकेंद्रांत जागा होईपर्यंत त्यांना शपथ देऊन, राखीव दलाचा बिल्ला देऊन घरी पाठविले जाई. बिल्ला कोटावर लावून कित्येक महिने वाट पाहणे, ही त्यांची अवस्था होती. १९४४ मध्ये हानीचे प्रमाण अंदाजापेक्षा कमी राहिल्याने उड्डाणकर्मींची संख्या गरजेहून अधिक झाली, आणि भूसेनेला मात्र माणसे अपुरी पडू लागली. तेव्हा अशा प्रतीक्षेतील अनेक तरुणांना भूसेनेकडे वळविण्यात आले. ज्या पायदळाला पर्याय म्हणून त्यांनी आकाश निवडले होते, त्याच पायदळात ते दाखल झाले.

येथे शासनाची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. कोळशावाचून कारखाने व रेल्वे बंद पडली असती. गरज नसताना आणखी वैमानिक तयार करणे ही उधळपट्टी झाली असती, आणि हानी कमी झाली ही तर आनंदाचीच गोष्ट होती. राजसनदेत कोणाही मुलाला उड्डाणाचे लेखी वचन दिलेले नव्हते, हेही खरे. परंतु वचन केवळ कागदावर दिले जाते असे नाही. ब्रीदवाक्य, गणवेशावरील चिन्ह, भिंतीवरील विमानांची चित्रे, शिबिरातील ती एक फेरी, या सर्वांनी मिळून एक वचन दिले होते, आणि मुलांनी त्याच्या भरवशावर आपल्या आयुष्यातील दोन वर्षे दिली होती. शासनाच्या दृष्टीने ती पूर्वशिक्षित मनुष्यबळाची साठवण होती. साठवणीतील वस्तू कोठेही वापरता येते. नाव घालणाऱ्याची इच्छा मात्र एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी बसविता येत नाही.

६. उत्तरकाल आणि भारतीय संदर्भ

१९४७ च्या नव्या राजसनदेत या अनुभवाचे प्रतिबिंब दिसते. वायुसेनेविषयी आस्था वाढविणे हा हेतू कायम राहिला, पण त्याच्या जोडीला नागरी जीवनातही उपयोगी पडेल असे शिक्षण आणि सुजाण नागरिकत्व यांचा पुरस्कार करण्यात आला. छात्रपथकात येणारा प्रत्येक मुलगा वायुसेनेत जाईलच असे नाही, हे राज्याने प्रथमच मान्य केले. प्रवेशाचे मोल पुढील भरतीवर अवलंबून न ठेवता प्रवेशातच शोधण्याची ही भूमिका होय.

भारतापुढे हाच प्रश्न जवळजवळ त्याच वेळी आला, परंतु त्याची पार्श्वभूमी भिन्न होती. ब्रिटिश अमदानीत विमानचालनाचे शिक्षण मोजक्या उड्डाणमंडळांपुरते होते, आणि भारतीय वायुसेनाही ८ ऑक्टोबर १९३२ रोजीच अस्तित्वात आली होती. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली छात्रसेनेचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली. कुंझरू हे गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. समाजसेवेच्या परंपरेतील गृहस्थाकडे हे काम सोपविले जावे, ही घटना सूचक आहे. समितीच्या शिफारशींनंतर १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. १९४९ साली मुलींचा विभाग निघाला आणि १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे प्रत्येकी एक पथक काढून हवाई शाखेचा आरंभ झाला. ब्रिटनमध्ये ज्याला पुढे तीन दशके लागली, तो मुलींचा प्रवेश भारतीय छात्रसेनेने दुसऱ्याच वर्षी मान्य केला होता.

तथापि सक्तीचा मोह भारतालाही टळला नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ साली, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली. संख्या फुगली, पण शिक्षक, साधने आणि उत्साह त्या प्रमाणात वाढणे शक्य नव्हते. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. ब्रिटनने इच्छुकांना जमवून त्यांना अन्यत्र वळविले, तर भारताने अनिच्छुकांनाच जमवून पाहिले. दोन्ही प्रयोगांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सिद्ध केली.

ती गोष्ट अशी की, युवकसंस्थेतील प्रवेश हा एकतर्फी व्यवहार नसतो. नाव घालणारा मुलगा आपला वेळ, श्रम आणि प्रसंगी जीवही देऊ करतो, आणि त्याच्या मोबदल्यात त्याला काय मिळणार हे त्याला कळले पाहिजे. एअर ट्रेनिंग कोअरने हजारो कामगार मुलांना गणित दिले, शिस्त दिली आणि आपल्या वर्गाच्या सीमेपलीकडे पाहण्याचे धैर्य दिले. हे तिचे चिरस्थायी कार्य असून ते जाहिरातीत कोठेच नव्हते. जे जाहिरातीत होते, ते आकाश, अनेकांना तिला देता आले नाही. या संस्थेचा इतिहास लिहिताना दाखल झालेल्यांची संख्या एका रकान्यात मांडली, तर दिलेल्या आशेचा जमाखर्च दुसऱ्या रकान्यात मांडणे इतिहासकारास क्रमप्राप्त आहे.